किल्ली धरता येते का?

कराड तालुक्यातील एका गुऱ्हाळावर ऊस घालताना चरकात सापडलेला हा उजवा हात आहे. बोटे वाचली, पण ती नीट वाकत नाहीत आणि करंगळीकडील बाजूला चटका बसला तरी समजत नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, परंतु त्यावर आकडा 36 टक्क्यांचा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना असो वा एसटीच्या भाड्यातील सवलत, दोन्हींसाठी किमान 40 टक्के लागतात. म्हणून या कामगाराने, दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 59 ने दिलेल्या हक्कानुसार अपील केले आहे, आणि सुनावणीची सूचना आता घरी आली आहे.

अशा वेळी घरातले सर्वजण प्रथम सरपंचांचा दाखला आणि रेशनकार्ड शोधू लागतात. गरिबी खरी असली, तरी त्या कागदांनी टक्केवारी तसूभरही वाढत नाही. सुनावणीत प्रश्न हाताचा असतो.

हाताच्या मूल्यमापनात पकड, संवेदना आणि ताकद या तिन्हींना प्रत्येकी 30 टक्के इतके वजन असते. पकडीचेही प्रकार आहेत: अंगठा इतर बोटांना टेकतो का, अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यात किल्ली धरता येते का, जाड व बारीक वस्तूंभोवती मूठ वळते का, चेंडूसारखी गोल वस्तू धरता येते का, पिशवी उचलता येते का. त्यामुळे जुन्या तपासणीचा कागद मागवून यांपैकी काय मोजले गेले आणि काय राहिले, हे ओळीने पाहणे हीच खरी तयारी होय. संवेदनेची नोंदच नसेल, तर ‘मला न्याय मिळावा’ या मोघम वाक्यापेक्षा ‘संवेदनेची तपासणी झालेली नाही, ती करावी’ हे एक वाक्य अर्जात अधिक उपयोगी पडते.

यात एक अडचण स्वभावाची आहे. कष्टकरी माणसाला चारचौघांत लाचार दिसणे आवडत नाही. तपासणीच्या दिवशी तो दात-ओठ खाऊन पिशवी उचलून दाखवतो आणि नंतर रात्रभर हात शेकत बसतो. डॉक्टरांना उचललेली पिशवी दिसते, शेकणे दिसत नाही. एखादे काम एकदा जमते पण पुन्हा जमत नाही, किंवा डाव्या हाताने उरकावे लागते, हे तोंडाने सांगावेच लागते. वाढवून सांगू नये, कारण ते तपासणीत टिकत नाही.

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि फिजिओथेरपीच्या नोंदी तारखेप्रमाणे लावून त्यांच्या झेरॉक्स काढाव्यात, आणि जे काही कार्यालयात द्यायचे ते पोहोच घेऊनच द्यावे. जिना चढणे शक्य नसेल किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल, तर तसे आधीच लेखी कळवावे. न्याय मागण्याची जागा दिव्यांगांना सुलभ असावी, असे याच अधिनियमाचे कलम 12 सांगते.

उद्या सकाळच्या एसटीने साताऱ्याला निघायचे आहे. दिव्याखाली पत्नी या कामगाराच्या उजव्या हातात कुलपाची किल्ली देते. किल्ली फरशीवर पडते. ती उचलून पुन्हा दिली जाते, पुन्हा पडते. मुलगी वहीत लिहिते: पाच वेळा दिली, चार वेळा पडली.