नारोशंकराची घंटा आणि विल्टशरचा पाद्री

(इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या डिसेंबरच्या मेळाव्यातलं भाषण. माईक चालत नव्हता ती पहिली पाच मिनिटं गाळली आहेत.)

नमस्कार मंडळी. मला सांगितलंय की ख्रिसमसवर दहा मिनिटं बोल, हलकंफुलकं बोल. सुरुवात तरी हलकी करते, पुढचं पुढे बघू.

आमचा मुलगा इथल्या शाळेत गेला त्याच वर्षी नेटिव्हिटीच्या, म्हणजे येशूजन्माच्या, नाटकात त्याला मेंढपाळाचा रोल मिळाला, आणि शाळेची चिठ्ठी आली की डोक्याला बांधायला टी टॉवेल, म्हणजे भांडी पुसायचं फडकं, पाठवा. आमच्या टॉवेलांवर हळदीचे डाग, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या बॅगेतून सासऱ्यांचा पंचा काढला, लाल काठाचा, आणि स्वतः बांधून दिला. स्टेजवर सहा मेंढपाळ होते, पाच जण भांडी पुसायला निघाल्यासारखे आणि आमचा एकटा अस्सल. सासूबाई भर हॉलमधे म्हणाल्या, "अगं, हा तर आपला धनगर!" आणि शेवटी ती प्लास्टिकची बाहुली गवतावर ठेवली तेव्हा त्यांनी बसल्या जागी हात जोडले. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "गोठ्यात बाळंत झालीय बिचारी, हात जोडायला काय जातं?"

मिन्स पायला मात्र त्यांनी हात लावला नाही. मिन्स म्हणजे खिमा, विषय संपला. मी म्हटलं अहो आत मनुका-बेदाणे असतात, करंजीची मावसबहीण आहे ती, पण मग प्रामाणिकपणे हेही सांगून बसले की सूएट म्हणजे मूळची गाईगुरांची चरबी आणि अजूनही पाकिटावर व्हेजिटेरियन लिहिलंय का ते बघून घ्यावं लागतं. त्यानंतर त्यांनी ती प्लेटसुद्धा दूर सरकवली.

तर मी नाशिकची. लहानपणी माझा आवाज मोठा म्हणून घरात मला "नारोशंकराची घंटा" म्हणायचे. गोदेच्या काठी पंचवटीत नारोशंकराचं देऊळ आहे, त्याच्यावरची ती घंटा पोर्तुगीज आहे, 1721 सालची, हे मला कळलं तेव्हा मी तिशी ओलांडलेली होती. चिमाजी आप्पांनी 1739 ला वसई घेतली आणि चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या, एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला, मेणवलीच्या घंटेवर तर मेरी आणि बाळ येशू ओतलेले आहेत. शाळेत वसईचा विजय चार मार्कांना असायचा, घंटेचा आधीचा पत्ता कोणी विचारला नाही, मीही नाही.

आता उलट्या दिशेने गेलेला माणूस. स्विंडनहून अर्ध्या तासाच्या आत विल्टशर परगण्यातलं बुश्टन नावाचं खेडं आहे, गेल्या हिवाळ्यात आम्ही मुद्दाम गेलो, चिखल, गाई, आणि नवऱ्याचा चेहरा की यासाठी पेट्रोल जाळलं का. ख्रिस्तपुराण लिहिणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सचा जन्म तिथला. एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडमधे कॅथलिक असणं म्हणजे जिवाशी खेळ, हा रोमला गेला, जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका संघाचा पाद्री, झाला, 1579 च्या एप्रिलमधे लिस्बनहून निघाला आणि ऑक्टोबरात गोव्याला लागला. पोचल्यावर वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं, वारे, पक्षी, मासे, हिरड्या सुजलेले खलाशी, सगळं. आपला "पोचलो, काळजी नसावी"चा मेसेजच, फक्त सहा महिने उशिरा. परत तो आलाच नाही, 1619 ला तिकडेच वारला.

आणि मधल्या काळात या माणसाने मराठीत ओव्या लिहिल्या. थोड्याथोडक्या नाहीत, अकरा हजारांच्या आसपास! ख्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा, 1616 साली गोव्यात राचोलला छापलं, रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. शेक्सपिअर गेला ते वर्ष, आपले तुकोबा तेव्हा आठेक वर्षांचे. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटलंय. मराठीचं कौतुक केलंय ती "जैसी हरळांमाजि" ओवी तर आपण दरवर्षी मराठी दिनाच्या बॅनरवर छापतो.

पण बॅनरवर जे येत नाही तेही बोलायला हवं नं. राचोल ज्या भागात येतं त्या गोव्याच्या सासष्टीत 1567 साली पोर्तुगीजांनी देवळं पाडली. 1583 ला कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं, मग गावच्या मुखियांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे कापलं. त्या पाच जणांची प्रेतं मिळवायची खटपट करणारा स्टीफन्सच. आणि त्याच्याच पुराणाच्या सुरुवातीला बाटलेले लोक विचारतात की आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वाचायला दुसरं काहीतरी द्या. मी ते वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं दोन दिवस. इतकी गोड भाषा आणि ती अशा मागणीतून आलेली. पुढे 1684 ला पोर्तुगीजांनी तिथली भाषाच बंद करायचा हुकूम काढला. तर माझं त्या पाद्रीबाबाशी भांडण आहे, पण त्याचं पुस्तक मी घरातून काढणार नाही, भांडणही त्याच्याशी मराठीतच करता येतं.

हे सगळं का आठवलं, तर आपल्या ग्रुपवर दर डिसेंबरला येणारा तो फॉरवर्ड. 25 तारखेला ख्रिसमस नको, तुळशीपूजन करा. पाठवणारे काका इथेच बसलेत, रागावू नका हं काका, तुम्ही बँक हॉलिडे पण घेता. माझी आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालते, तिचं लग्न कार्तिकात लावते, तिला 25 डिसेंबर कशाला लागतोय? आणि ख्रिसमस बंद करायचा तर तो मान आधीच गेलाय, 1647 साली इथल्याच पार्लमेंटने, अगदी कट्टर ख्रिश्चन मंडळींनी, तो बंद केला होता, आणि कँटरबरीत त्या दिवशी दुकानं उघडी ठेवली म्हणून लोकांनी दंगा केला.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही असंच, पाद्री कसा काय म्हणून धमक्या. ज्या माणसाने अख्खं बायबल सुबोध मराठीत आणलं त्याला! आणि 2024 च्या ऑगस्टमधे इथे स्थलांतरितांविरुद्ध दंगे झाले तेव्हा त्या आठवड्यात आम्ही मुलांना एकटं बाहेर सोडत नव्हतो, तेव्हा "हा देश आमच्या धर्माचा" हे ऐकायला कसं लागतं ते आपल्याला कळलंय.

माझ्या श्रद्धेचं विचाराल तर गणपती आहे देवघरात, दिवा लावते, आणि कधी कधी चर्चमधे कॅरल ऐकायला मागच्या बाकावर बसते. लक्ष्मीबाई टिळक आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, नवरा ख्रिस्ती झाला म्हणून काही ती बाई लगेच मागे गेली नाही, पाच वर्षं रडली, भांडली, विचार केला, मग गेली. स्मृतिचित्रे ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी माझी कॉपी न्या, परत द्या पण.

बरं, आवरते. जेवणाआधी ख्रिस्तपुराणातल्या येशूजन्माच्या ओव्या होणार आहेत. आपल्या ज्या काकू दर गुरुवारी ज्ञानेश्वरी वाचतात त्याच म्हणणार आहेत, आधी म्हणाल्या "मला कसं जमेल बाई", मग काल रात्री फोनवर त्यांच्या नेहमीच्या चालीत चार ओव्या म्हणून दाखवल्या आणि एकही अक्षर अडलं नाही. मिन्स पाय उजवीकडच्या टेबलावर आहेत, हिरव्या स्टिकरचे शाकाहारी.