वाचवायला उतरलेली माणसं

मंडळी, नेवासा तालुक्यातल्या वाकडीची गोष्ट बऱ्याच जणांनी पेपरात वाचली असेल. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा होता. जुन्या पडीक विहिरीत मांजर पडलं, त्या विहिरीत गोबरगॅसची स्लरी, म्हणजे शेणाचा पातळ राडा, सोडलेली. मांजर काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा, असे सहा जण उतरले आणि त्यातले पाच गेले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर होता, म्हणून त्याला वर ओढता आलं. आज मला मुख्य बोलायचंय ते या दोराबद्दल.

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या नायॉश नावाच्या सरकारी संस्थेनं १९८६ साली सांगितलं होतं की अशा बंदिस्त जागांमध्ये मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात. म्हणजे पहिला कामासाठी जातो, आणि बाकीचे मायेपोटी जातात हो, भाऊ खाली पडलेला दिसतोय, चक्कर आली असेल असं वाटतं, कोण थांबणार वर उभं राहून?

पण खाली नेमकं काय असतं बघा. आपल्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, तो १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात. लोक म्हणतात, जीव गुदमरायला लागला की येऊ की वर. तसं होत नाही. नुसता ऑक्सिजन कमी झाला तर गुदमरल्यासारखं वाटेलच असं नाही, आधी हातपाय ढिले पडतात, डोकं चालेनासं होतं, आणि शिडी समोर असून माणूस चढू शकत नाही. शेणाच्या, मैल्याच्या खड्ड्यात याशिवाय हायड्रोजन सल्फाईड असतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो ना तोच. हा हवेपेक्षा जड, तळाला साचतो, आणि वाढला की नाकच बधिर करतो. त्यामुळे वास थांबला म्हणून गॅस गेला असं कृपा करून समजू नका, उलट तेव्हाच जास्त भीती. आणि वरचा थर शांत दिसतो, पण पाय टाकून स्लरी ढवळली की आतला गॅस एकदम सुटतो.

आपल्याकडे विहिरीत कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे. विझला तर उतरायचं नाही हे बरोबरच, पण जळत राहिला म्हणजे सगळं ठीक असं अजिबात नाही, कारण विषारी गॅस त्यात कळत नाही, आणि मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा गॅस, हवेत ५ ते १५ टक्के असला तर त्याच ज्योतीनं भडका उडतो. गाळ काढताना डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवतात, ते तर बंदच करा, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वासही नसतो.

मग करायचं काय? झाकण उघडून ब्लोअरनं ताजी हवा तळापर्यंत सोडा, चार गॅसचा मीटर (ऑक्सिजन, जळणारे गॅस, हायड्रोजन सल्फाईड आणि कार्बन मोनॉक्साईड मोजणारा) दोरीनं सोडून वर, मध्ये आणि तळाला तिन्हीकडे रीडिंग घ्या, आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालूच ठेवा. उतरणाऱ्याला फुल बॉडी हार्नेस, म्हणजे अंगभर पट्टे, वर तिपाई आणि विंच, म्हणजे दोर गुंडाळून माणूस वर ओढायचं यंत्र, आणि दोराचं टोक धरून एक माणूस, ज्याला दुसरं कुठलंच काम सांगायचं नाही, चहा आणायलासुद्धा पाठवायचं नाही. ही काही माझी कल्पना नाही, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३६ मध्येच होतं, की एकतर ती जागा सुरक्षित असल्याचा जाणकार माणसाचा लेखी दाखला पाहिजे, नाहीतर आत जाणाऱ्याला श्वसन उपकरण आणि पट्ट्याला दोर, आणि त्याचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. मळीच्या टाकीत, ईटीपीत (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांत) उतरणाऱ्या आमच्या पोरांना ठेकेदार सांगतो, पाच मिनिटांचं काम आहे. मला याचा फार राग येतो, कारण मरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. गटार आणि सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवणं तर २०१३ च्या कायद्यानं गुन्हाच आहे, तिथे सक्शन गाडी बोलवा.

आणि समजा कोणी पडलाच आत. दोर आधीच बांधलेला असेल तर वरूनच ओढा. नसेल तर वरच्यांनी एकमेकांना धरून ठेवा, उतरू देऊ नका, असेल तो ब्लोअर लावा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा, आणि फोनवर नुसतं माणूस विहिरीत पडला असं सांगू नका, आत गॅस आहे हे सांगा, म्हणजे ते श्वसनाचे सिलेंडर घेऊन निघतील.