मिटलेल्या डोळ्यांआड

घरातले सगळे प्रार्थनेला बसलेत. चौदा वर्षांच्या तिनेही डोळे मिटलेत. मग हळूच तिचा एक डोळा किलकिला होतो. आईचे ओठ हलतायत, बाबांची मान खाली आहे. तिच्या मनात येतं, ‘हे कुणाशी बोलतायत? कुणी ऐकतंय का?’ आणि चोरी पकडली जाईल या धास्तीने ती डोळा पुन्हा गच्च मिटून घेते.

याच वयात हे का सुचतं? साधारण ११-१२ वर्षांच्या पुढे मुलांना समोर नसलेल्या, नुसत्या कल्पनेतल्या गोष्टींवरही विचार करता येऊ लागतो. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी बुद्धीच्या वाढीतला हा टप्पा मांडला. ज्या बुद्धीला गणितातलं ‘क्ष मानू’ जमतं, तिलाच ‘देव नाही असं मानू’ हेही सुचतं. पहिल्याला आपण शाबासकी देतो, दुसऱ्याला गप्प बसवतो. हा मला मुलांवरचा अन्याय वाटतो.

किशोरवयाचं मोठं काम म्हणजे ‘मी कोण?’ याचा शोध, असं मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी सांगितलं. हा प्रश्न त्यांनी स्वतः भोगला होता. जन्म १९०२चा, जन्मदाता कोण, हे त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही. ते ज्यू घरात वाढले, पण निळे डोळे आणि सोनेरी केस यांमुळे ज्यू मुलांना ते परके वाटत. आणि शाळेतली मुलं त्यांना ज्यू म्हणून चिडवत.

पुढे १९६६मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी ‘मी कोण?’ या स्वतःच्या ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. त्यांतल्या दोन इथे महत्त्वाच्या. एकीत मूल घरचं सगळं न तपासता आपलं म्हणतं. नास्तिक आईबापांचा नास्तिकपणा तसाच उचलणारं मूलही यातच आलं, बरं का! दुसरीत शोध चालू असतो, ठरलेलं काहीच नसतं. बाहेरून हे बंड दिसतं. आत मात्र भीती असते: ‘मी विचारलं, तर मी यांची राहीन का?’ या शोधातून कुणी श्रद्धेकडे परततं, कुणाची श्रद्धा वेगळं रूप घेते, कुणी ती सोडून देतं. ते आधी सांगता येत नाही.

रात्र झालीय. ती दारात उभी आहे. ‘आई, प्रार्थना करताना तुला कधी शंका आली होती?’

आई हातातलं काम बाजूला ठेवते. जवळची जागा मोकळी करते.