ॲनिकचे रीळ: जुन्या इंग्लिश फ्लाय रिळांची पारख

समोरचे हे मासेमारीचे रीळ, म्हणजे गळाच्या काठीवर बसवायचे दोरी गुंडाळण्याचे चाक, तळहातात मावेल एवढे आहे. त्याची दर्शनी तबकडी पितळेची, मागची चौकट काळपट राखाडी मिश्रधातूची आणि कडेची मूठ पिवळसर पडलेल्या हस्तिदंताची आहे. पितळेवर गळाची काठी धरलेला एक हात कोरलेला असून त्याच्या जोडीला नॉर्थम्बरलँड परगण्यातील ॲनिक या गावाचे नाव आहे. विल्यम हार्डी यांनी 1872 साली या गावात बंदुका आणि धातुकामाचा व्यवसाय सुरू केला, पुढच्याच वर्षी त्यांचे बंधू जॉन जेम्स त्यात सामील झाले आणि लवकरच हार्डी ब्रदर्स हे नाव मासेमारीच्या साहित्याशी कायमचे जोडले गेले. जुन्या इंग्लिश फ्लाय रिळांचा संग्रह करणारा माणूस कुठूनही निघाला तरी केव्हा ना केव्हा ॲनिकला पोहोचतोच.

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला आमिष नसते. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी पाण्यावर किंवा पाण्याखाली अलगद सोडायची असते. ही माशी इतकी हलकी असते की तिला दूर फेकण्याचे काम दोरीच्या वजनालाच करावे लागते. फेकण्यासाठी लागणारी दोरी मासेमार हाताने रिळातून ओढून काढतो, त्यामुळे एरवी रिळाचे काम दोरी नीट गुंडाळून ठेवण्यापुरतेच असते. मात्र मोठा ट्राउट किंवा सामन मासा गळाला लागून प्रवाहात धाव घेतो, तेव्हा ड्रमला, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या फिरत्या भागाला, मोकळे सोडले तर तो दोरीपेक्षा जोरात फिरतो आणि क्षणात गुंता होतो. उलट फार आवळून धरले तर दोरी तुटते. हा मधला ताण साधणारी यंत्रणा म्हणजे ‘चेक’. दातेरी चाक, त्यावर टेकणारा खटका आणि खटक्याला दाबून धरणारी स्प्रिंग एवढेच तिचे भाग, पण जुन्या रिळाचे वय ठरवताना याच तीन भागांकडे सर्वांत आधी पाहावे लागते.

इंग्लंडमध्ये रिळाचा छापील उल्लेख 1651 सालापासून मिळतो. टॉमस बार्कर यांनी गळाच्या मासेमारीवरील आपल्या पुस्तिकेत दोरी गुंडाळण्याच्या अशा साधनाचा उल्लेख केला आहे. अठराव्या शतकात लंडनचे ओनेसिमस उस्टन्सन यांच्यासारखे विक्रेते दाते बसवलेली, मुठीच्या एका फेऱ्यात ड्रमला अनेक फेरे देणारी पितळी रिळे विकत असत. ती दिसायला देखणी होती, पण मोठा मासा लागला की त्यांच्या नाजूक दात्यांवर फार ताण येई. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुन्हा साधी, थेट फिरणारी रिळे रूढ झाली. आधी वाकड्या दांड्याला मूठ असलेली रिळे आली. त्या दांड्यात दोरी अडकते हे लक्षात आल्यावर मूठ थेट फिरत्या तबकडीवर बसवलेली रिळे आली. बर्मिंगहॅमच्या पितळकामगारांनी अशी रिळे अमाप केली आणि देशभरातल्या दुकानदारांनी त्यांवर आपापली नावे कोरून विकली.

जुन्या रिळावर सर्वांत ठळक दिसणारे नाव बहुधा विकणाऱ्याचे असते, बनवणाऱ्याचे असेलच असे नाही, ही गोष्ट नवख्या संग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. लंडनच्या फार्लो या 1840 पासूनच्या दुकानाचे नाव असलेले रीळ दुसऱ्याच कारखान्यात तयार झालेले असू शकते. हार्डींकडे काम करून पुढे स्वतंत्र झालेले डिंगली यांनी ॲनिकमध्येच अनेक दुकानांसाठी रिळे केली, आणि आत कुठेतरी उमटवलेल्या एका ‘डी’ अक्षरापलीकडे त्यांच्या हाताची खूण बहुतेकदा सापडत नाही. रेडिच हे सुया आणि गळांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथील जे. डब्ल्यू. यंग अँड सन्स या 1884 मध्ये सुरू झालेल्या कारखान्यानेही कित्येक दुकानांच्या नावांची रिळे घडवली. म्हणून नाव वाचून झाल्यावर रीळ उलटे करावे आणि मग खऱ्या पारखीला सुरुवात करावी.

आता पुन्हा त्या पितळी तबकडीच्या रिळाकडे येऊ. हे हार्डींचे ‘परफेक्ट’. त्याचे पेटंट 1888 सालचे आहे आणि 1891 पासून ते बाजारात आले. त्यातील मुख्य कल्पना अशी होती की ड्रम पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरावा. त्या काळात सायकलींमध्ये बॉल बेअरिंगचा बोलबाला होता आणि हीच युक्ती हार्डींनी रिळात आणली. सुरुवातीची परफेक्ट रिळे संपूर्ण पितळेची होती आणि त्यांतल्या अगदी आरंभीच्या रिळांत बेअरिंगच्या गोळ्या उघड्या दिसतात. अशी रिळे आज फारच क्वचित हाती लागतात. पुढे चौकट ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची झाली आणि पितळ फक्त दर्शनी तबकडीपुरते उरले. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम मिळवण्याची पद्धत शोधली होती आणि तोवर मौल्यवान गणला जाणारा हा धातू झपाट्याने स्वस्त होऊ लागला होता. लांब काठीवर दिवसभर जड पितळ वागवणाऱ्या मासेमाराला हा बदल मनापासून रुचला असणार. शेवटी पितळी तबकडीही गेली आणि संपूर्ण मिश्रधातूचे परफेक्ट आले. पूर्ण पितळ, नुसती पितळी तबकडी आणि मग पूर्ण मिश्रधातू हा क्रम ध्यानात ठेवला तर वयाचा ढोबळ अंदाज दुरूनही बांधता येतो.

बारीक अंदाजासाठी मात्र रीळ उघडावे लागते. ड्रमच्या मध्यभागी जर्मन सिल्व्हरचा एक स्क्रू आहे. तो सावकाश सोडवला की ड्रम बाहेर येतो. आतल्या गोळ्या सांडू नयेत म्हणून हे काम नेहमी कापड पसरून त्यावर करावे. ड्रम निघाला की खटका, स्प्रिंग आणि दातेरी चाक समोर येते. हार्डींनी ही रचना वारंवार बदलली आणि संग्राहक त्या बदलांना सालांनीच ओळखतात: 1896चा चेक, 1906चा, 1912चा आणि 1917चा. कडेवर ताण कमीजास्त करण्याचा स्क्रू असतो. जुन्या रिळांत तो पट्टीखाली धरलेला असून त्यावर ‘टर्क्स हेड’ नावाचे पगडीसारखे दिसणारे नट असते. तबकडी आधीच्या घडणीची आणि आतला चेक बराच नंतरचा असेल, तर रीळ दुरुस्तीला गेले होते किंवा दोन रिळांचे एक केले गेले आहे असे समजावे. हार्डींचा कारखाना स्वतःच जुनी रिळे दुरुस्त करून देत असे, म्हणून अशा प्रत्येक रिळामागे लबाडी असते असे नाही, पण त्याची किंमत नक्कीच वेगळी धरावी लागते. चौकटीच्या आत कधी कारागिराची आद्याक्षरे ठोकलेली दिसतात, तीही नोंदवून ठेवावीत.

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या अनेक रिळांवर ‘डुप्लिकेटेड मार्क टू’ असा शिक्का असतो. आपल्याकडे डुप्लिकेट म्हटले की नकली माल डोळ्यांसमोर येतो, पण येथे हा शिक्का कारखान्याचाच आहे आणि तो पाहून खरेदी सोडून देण्याचे काही कारण नाही.

यानंतर रिळाचा पाय, म्हणजे काठीवर रीळ बसवण्याची ती लांबट पट्टी. जुन्या रिळांचा पाय पितळेचा असतो, काहींवर आडव्या रेघांची खाच असते, आणि पुढच्या काळात तो मिश्रधातूचा झाला. वेगवेगळ्या काठ्यांच्या खोबणींत रीळ बसावे म्हणून मालकांनी हा पाय कानशीने घासलेला फार वेळा आढळतो. दोन्ही टोकांची जाडी आणि लांबी डोळ्यांसमोर धरून ताडून पाहिली की घासलेली बाजू लगेच उघडी पडते. विक्रेत्याने दिलेल्या छायाचित्रांत पायाचे छायाचित्र नसेल तर ते मागावेच. सगळ्या बाजूंनी फोटो काढणारा माणूस नेमका पाय विसरतो, यावर माझा फारसा विश्वास नाही.

रंगाच्या बाबतीत संग्राहकांचे नुकसान बहुतेक वेळा त्यांच्याच हातून होते. मिश्रधातूच्या जुन्या हार्डी रिळांवर ‘लेड फिनिश’ नावाचा काळपट राखाडी थर असतो. तो मुठीजवळ आणि कडांवर झिजलेला असतो, आणि ही झीज वापराच्या जागीच दिसत असेल तर ती खरेपणाची साक्ष ठरते. पॉलिश लावून चकचकीत केलेल्या रिळाचा हा थर जातो, कोरीव अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि किंमत घसरते. मात्र चकाकणारे प्रत्येक रीळ घासलेलेच असते असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास काही रिळे नेहमीच्या थराशिवाय, उघड्या धातूचीच बाहेर पडली आणि संग्राहक त्यांना ‘स्पिटफायर’ म्हणतात. अक्षरांच्या कडा तीक्ष्ण आहेत की गोलावलेल्या, यावरून हा फरक पुष्कळदा उलगडतो.

परफेक्टच्या भावंडांपैकी तीन आवर्जून ओळखावीत. 1903चे ‘युनिका’ बेअरिंगविना, साधे आणि तुलनेने स्वस्त; त्याचा ड्रम जागेवर धरणारी खिटी आधी घोड्याच्या नालेसारखी होती आणि नंतर बदलली, म्हणून तीच वयाची खूण. त्याच वर्षीचे ‘बूग्ले’ एका फ्रेंच मासेमाराच्या नावाने ओळखले जाते. त्याचे खांब चौकटीच्या कडेबाहेर उचललेले असल्याने ते चटकन कळते, आणि किमतीच्या बाबतीत नवख्याने त्याच्या वाटेला न गेलेलेच बरे. तिसरे 1911चे ‘सेंट जॉर्ज’. दोरी बाहेर पडते त्या जागी याला अकीकाची कडी बसवलेली असते, कारण ओली रेशमी दोरी पितळेला हळूहळू खोबण पाडते. या कडीवरून नख फिरवावे आणि मग ती भिंगाखाली, तिरप्या उजेडात पाहावी. केसाएवढी चीर गेलेली असली तरी तिथे दोरी कातरते, आणि संग्राहकाच्या दृष्टीने ते रीळ अर्धेअधिक गेलेले असते.

रेशमी दोरीचा विषय निघाला म्हणून सांगायचे, जुन्या ड्रमवरची भोके शोभेची नाहीत. रेशीम ओले राहिले तर कुजते, म्हणून मासेमार दिवसअखेरीस दोरी उलगडून वाळवीत असे आणि तेवढ्यावर भागले नाही तर ड्रममधल्या भोकांतून हवा खेळत असे. जुन्या रिळावर कुजकी रेशमी दोरी मिळाली तर ती काढून निराळी ठेवावी, कारण ती ओलावा धरून ठेवते.

सावधगिरी एका कायदेशीर बाबतीतही हवी. सुरुवातीच्या रिळांच्या मुठी खऱ्या हस्तिदंताच्या आहेत, नंतर त्यांची जागा नकली हस्तिदंताने आणि इतर कृत्रिम पदार्थांनी घेतली. ब्रिटनचा 2018चा हस्तिदंत कायदा जून 2022 मध्ये लागू झाला. 1947 पूर्वीच्या आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना त्यात सवलत आहे, पण विक्रीपूर्वी नोंदणी करावी लागते. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, म्हणून मुंबई-पुण्यातील संग्राहकाने परदेशी लिलावात बोली लावण्याआधी मूठ कशाची आहे हे लेखी विचारून घ्यावे. भिंगातून पाहिल्यास खऱ्या हस्तिदंताच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषा दिसतात, तर नकली मुठीवरच्या रेषा संशय यावा इतक्या सरळ असतात.

जपणुकीबाबत फार काही करू नये हेच चांगले. धूळ मऊ ब्रशने काढावी, बेअरिंगला यंत्राच्या हलक्या तेलाचा एखादा थेंब द्यावा आणि पितळेवरचा काळसर थर तसाच राहू द्यावा. मूळ चामडी डबी मिळाली तर ती जपून ठेवावी, पण रीळ तिच्यात ठेवू नये. चामड्यात ओलावा राहतो आणि कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत पितळेवर हिरवा गंज चढायला वेळ लागत नाही. कापसाच्या सुती पिशवीत, कोरड्या कपाटात रीळ सुखरूप राहते.

सुरुवात मात्र परफेक्टपासून करू नये. यंग यांची युद्धोत्तर काळातील ‘ब्यूडेक्स’ आणि ‘प्राइडेक्स’ रिळे नीट घडवलेली, टिकाऊ आणि आवाक्यातली आहेत. त्यांच्यावर चेक, खिटी आणि पाय पाहण्याची नजर तयार होते. ज्यांना रीळ कपाटात ठेवण्याऐवजी नदीवर न्यायचे आहे, त्यांनी पाय घासलेले किंवा नाव पुसट झालेले हार्डी शोधावे. संग्राहक त्याला नाके मुरडतात, त्यामुळे ते स्वस्त मिळते, आणि त्यातला चेक निरोगी असेल तर सामन माशाला त्या घासलेल्या पायाशी काही देणेघेणे नसते.