डबा घेऊन सीपीआरला

[शॉट: सीपीआर हॉस्पिटल, ओपीडीबाहेरचा बाक, सकाळची वेळ]

सकाळचे सव्वाआठ वाजलेत. केसपेपरची लाईन लागलीय, कुणाचं पोरगं रडतंय, कोण एक्स-रे उन्हात धरून बघतंय, आणि या सगळ्या गडबडीत एखादा माणूस मांडीवर बॅग घेऊन नुसता बसलाय तर त्याला कोणीच विचारत नाही की बाबा तू इथं का बसलायस. कोल्हापुरात अशी जागा सापडणं अवघड आहे बघा. रंकाळ्यावर बसलात तर दहा मिनिटात ओळखीचा भेटणार, पंचगंगेच्या घाटावर भेटणार, बिंदू चौकात तर विचारायलाच नको. दवाखान्यात मात्र सगळ्यांना वाटतं की याचं कोणतरी ॲडमिट असेल.

माझा सख्खा मोठा भाऊ २०१९ साली या बाकावर जवळजवळ पन्नास दिवस बसला. बॅगेत वहिनीनं सकाळी उठून भरलेला डबा असायचा. दुपार झाली की समोर टाऊन हॉलच्या बागेत जायचा, झाडाखाली डबा खायचा, परत येऊन बसायचा, आणि फर्स्ट शिफ्ट सुटायच्या टायमाला गाडीला किक मारून घरी.

[शॉट: शिरोली एमआयडीसी, फाउंड्रीत मेटल ओततानाचा]

दादा शिरोलीत सीएनसी ऑपरेटर होता, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर लोखंड कापणाऱ्या मशीनवर. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून काय उपयोग पण नाही, त्या वर्षी कमी-जास्त सगळीकडं हेच चाललं होतं. ज्यांनी आपल्या भागातल्या फाउंड्र्या आतून बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, इथं शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित एमआयडीसीत लोखंड वितळवून कास्टिंग करतात, मग ते मशीन शॉपला जातं, तिथं त्याला माप देतात आणि मग ते ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या कंपन्यांना जातं. ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, हाउसिंग, असले जड पार्ट. म्हणजे देशात ट्रक खपला तर शिरोलीत भट्टी पेटते, आणि ट्रक खपायचा थांबला की इथल्या पोराचा ओव्हरटाइम पहिल्यांदा जातो.

२०१९ ला नेमकं काय झालं ते मला नंतर लई उशिरा कळलं. २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारनं जड ट्रकना जास्त वजन न्यायला परवानगी दिली, साधारण २० ते २५ टक्के जास्त. चांगलीच गोष्ट की, पण मग आहे त्याच ट्रकमध्ये जास्त माल बसायला लागला तर नवीन ट्रक कोण कशाला घेईल? त्याच सप्टेंबरात आयएल अँड एफएस या मोठ्या फायनान्स कंपनीनं कर्जाचे हप्ते थकवले, तशी गाड्यांना कर्ज देणाऱ्या सगळ्याच फायनान्स कंपन्यांनी हात आखडता घेतला. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स, म्हणजे कमी प्रदूषण करणारं नवीन इंजिन येणार होतं, त्यामुळं गिऱ्हाईक पण थांबलं. तिन्ही गोष्टी एका वर्षात. यातल्या एकीत पण दादाची काय चूक होती सांगा. पण तो बाकावर बसून हाच विचार करायचा, आपलंच काहीतरी चुकलं असणार.

पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद झाला. मग थर्ड शिफ्ट बंद. मग आठवड्याला चारच दिवस काम. मग ठेकेदाराची माणसं कमी करायला सुरुवात झाली आणि दादा ठेकेदाराकडंच होता, सात वर्षं एकाच मशीनवर, मधी ठेकेदाराचं नाव तीनदा बदललं तरी मशीन तेच, माणूस तोच. जुलैच्या ३ तारखेला बोलावलं, एक कागद पुढं केला आणि सांगितलं, सही कर, ऑर्डर आली की पहिला तुलाच बोलावतो. दादानं सही केली. कागदावर लिहिलं होतं की मी घरगुती अडचणीमुळं स्वखुशीनं राजीनामा देत आहे.

हे ऐकताना अजून पण माझ्या हातापायाला घाम येतो, म्हणून इथं जरा थांबून सांगतो.

कपात आणि राजीनामा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंपनीनं कपात केली तर, वर्षभर सलग काम झालेलं असलं म्हणजे कायद्यानं २४० दिवस भरलेले असले तर, एक महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या त्यात पण आहे, वर कपात झालेल्या कामगाराला नवीन काम शिकायला म्हणून १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम द्यायची तरतूद पण त्यात आलीय. पण तुम्ही स्वखुशीचा राजीनामा दिला की कपात झालीच नाही, विषय संपला. म्हणून सही करायला सांगितली तर कागद वाचा, घरी नेऊन दाखवतो म्हणा, आणि निदान त्याचा फोटो तरी काढून ठेवा.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं भरली असली की. दादाचा बेसिक आणि महागाई भत्ता धरून १०,४०० रुपये होता. त्याला २६ नं भागायचं, ४०० आले, गुणिले १५, सहा हजार, गुणिले सात वर्षं. ४२,००० रुपये. हा हिशेब चौथीतलं पोरगं पण करेल. पण तेव्हा आमच्या घरात तो कोणालाच माहीत नव्हता आणि दादानं तो पैसा मागितलाच नाही.

[शॉट: महापुराचे जुने फोटो]

त्यानं घरात का सांगितलं नाही हे मी त्याला या शूटिंगच्या वेळी पहिल्यांदा विचारलं. म्हणला, "पहिल्या दिवशी वाटलं, चार दिवसात दुसरीकडं लागतोयच की, उगंच कशाला घोर लावायचा. आणि चार दिवसांनी सांगायला गेलो असतो तर ह्या चार दिवसांचं काय सांगणार हुतो?" एवढंच आहे बघा. एक दिवस लपवला की दुसरा दिवस लपवावाच लागतो.

जुलैत जूनचा पगार आला त्यामुळं पहिला महिना निभावला. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला तो काय थांबेना, पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, ती ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बेंगळूर हायवे पाण्याखाली गेला आणि सगळी एमआयडीसीच तुटली. सगळं कोल्हापूर हवालदिल झालं होतं, मी पण रिलीफच्या कामात होतो. आणि दादा मला आज सांगतोय की ते दिवस त्याला बरे गेले, कारण तेव्हा सगळ्यांचंच काम बंद होतं आणि घरात बसलं तरी कोण काय विचारत नव्हतं. काय बोलावं यावर मला सुचलं नाही. कॅमेरा चालूच होता, आम्ही दोघंही गप्प बसलो होतो.

पाणी उतरलं. कंपन्या सुरू झाल्या. दादा परत डबा घेऊन सीपीआरला. आणि पगाराची तारीख आली तेव्हा त्यानं एका सावकाराकडनं १५,००० रुपये उचलले, महिना ५ टक्क्यानं, आणि ते वहिनीच्या हातात पगार म्हणून दिले. महिन्याला साडेसातशे रुपये व्याज, कशाचं, तर न बोलल्याचं.

फुटलं ते असं. आमच्या गल्लीतल्या एक मावशी बीपीच्या गोळ्या आणायला सीपीआरला जातात. त्यांनी नळावर वहिनीला विचारलं, "तुमच्यात कोण ॲडमिट हाय काय गं? तुझं मालक दोनदा दिसलं मला तिथं."

वहिनी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरला, पण दादाच्या हातात दिला नाही, चुलीच्या कट्ट्यावरच ठेवला, आणि म्हणाली, "आज हितंच जेवा. आणि दुपारी वही घेऊन बसूया."

[शॉट: वहिनीची वही, पानं उलटताना]

ही ती वही. वहिनीनं जपून ठेवलीय. गाडीचा हप्ता, पोरीची फी, पतसंस्थेचा हप्ता, किराणा, गॅस, आईची औषधं, भिशी, आणि शेवटी वेगळ्या पेननं लिहिलेलं, सावकार १५. तिनं पहिलं काम काय केलं तर भिशीतल्या बायकांना खरं ते सांगितलं आणि आपला नंबर आधी लावून घेतला. भिशी उचलली, सावकार मिटवला. मग पतसंस्थेत जाऊन हप्ता पुढं ढकलून घेतला. मला लई जण म्हणतात की अशा वेळी कुणाला सांगू नये, लोक नावं ठेवतात. आमच्या गल्लीत तरी कोणी ठेवलं नाही. उलट सांगितल्यावर चौथ्या दिवसापासून फोन यायला लागले, अमक्याला ऑपरेटर पाहिजे, तमक्याच्या गेटवर बोर्ड लागलाय. आपल्याकडं काम बोलण्यातनं मिळतं हो, चहाच्या टपरीवर, तालमीच्या कट्ट्यावर, आणि दादा पन्नास दिवस नेमका तिथंच जायचं टाळत होता.

पण इंटरव्ह्यूला गेल्यावर दुसरंच कळलं. पहिल्याच ठिकाणी विचारलं, "ऑफसेट घेता येतोय काय?" ऑफसेट म्हणजे टूलचं नेमकं माप मशीनला देणं, सेटिंगचाच भाग. दादाला येत नव्हता. सात वर्षं एकच पार्ट, लोड करायचा, दार लावायचं, सायकल स्टार्ट, काढायचा, गेजनं बघायचा. सेटिंग करायला सेटर यायचा. म्हणजे सात वर्षांचा अनुभव म्हणजे एका वर्षाचा अनुभव सात वेळा, असं झालं होतं, आणि मशीनवर उभं असताना हे कधी लक्षात येत नाही.

[शॉट: शिवाजी उद्यमनगर, लेथवरचे हात]

उद्यमनगरात एका छोट्या जॉब वर्कच्या शेडमध्ये त्याला घेतलं. पगार निम्म्याहून कमी. एक सीएनसी, दोन जुने लेथ आणि एक साठीतले मिस्त्री. तिथं रोज वेगळा जॉब यायचा, कधी पाच नग, कधी वीस, त्यामुळं रोज सेटिंग. मिस्त्रींनी त्याला पहिले पंधरा दिवस सीएनसीला हातच लावू दिला नाही, नुसतं ड्रॉइंग वाचायला आणि मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, धरायला लावलं. मग लेथवर टूलला धार लावायला. मग म्हणाले आता प्रोग्रॅम बघ, जी झिरो झिरो म्हणजे टूल नुसतं पळतंय, जी झिरो वन म्हणजे कापतंय, ही दोन्ही जर उलटी लिहिलीस तर मशीन पण जाईल आणि मालक पण. चौतीस वर्षांचा माणूस रात्री पोरीच्या शेजारी बसून वहीत कोड लिहायचा, पोरगी पाढे लिहायची. सहा-सात महिन्यात तो सेटिंग करायला लागला, आणि तेवढ्यात मार्च २०२० चा लॉकडाऊन लागला, म्हणजे परत घरात. पण यावेळी घरात बसलेला दादा वेगळा होता. काम सुरू झाल्या झाल्या त्याला गोकुळ शिरगावातनं सेटर म्हणून बोलावणं आलं.

हे फक्त एमआयडीसीपुरतं नाही. आम्ही राजारामपुरीतल्या एका मुलीशी बोललो, पुण्यात आयटीत होती, एका मीटिंगमध्ये सांगितलं, संध्याकाळी लॅपटॉप जमा. तिच्याकडनं पण राजीनामाच लिहून घेतला. घरी आल्यावर शेजारच्या काकू रोज विचारतात, सुट्टीला आलीस काय, आणि ती रोज वर्क फ्रॉम होम सांगते. तिला रोज कॉल येतात, रजिस्ट्रेशन फी भरा, नोकरी पक्की. नोकरी देणारा कधी पैसे मागत नाही, एवढं ध्यानात ठेवा, आणि कुणी पैसे घालवून बसलाच असाल तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरला फोन करा.

आणि एक, ज्यांचा ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा पैसा, पगारातनं कापला जातो त्यांच्यासाठी, ठेकेदाराकडचे असलात तरी. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणून आहे, २०१८ पासून. नोकरी गेली तर ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या निम्मा पैसा मिळू शकतो, आयुष्यात एकदाच. आधी २५ टक्के होता, २०२० मध्ये ५० केला. तिची मुदत वाढवत वाढवत चालवलीय, त्यामुळं ईएसआयच्या शाखेत जाऊन आधी विचारा की आत्ता चालू आहे काय आणि तुम्ही बसताय काय. आणि पीएफ काढताना पेन्शनचा भाग घाईनं काढू नका, नोकरीची दहा वर्षं भरली तरच महिन्याची पेन्शन बसते, मधीच काढलात की मोजणी परत पहिल्यापासनं.

[शॉट: संध्याकाळ, एका घराचं दार, बाहेर चपला]

मागच्या महिन्यात दादाच्या शॉपमधला एक पोरगा कमी केला. बावीस वर्षांचा, आयटीआय झालेला, घरात आई एकटीच. दादाला गेटवर दिसला तर सांगत होता, घरात नाही सांगितलं अजून, बघू. दादानं त्याला गाडीवर मागं बसवलं आणि सरळ त्याच्या घरी घेऊन गेला. रस्त्यात एवढंच म्हणला, "तू बोलू नगंस, मी बोलतो."

आम्ही कॅमेरा दाराबाहेरच ठेवला. आतलं नीट ऐकू आलं नाही, दादाचा आवाज, मधी बराच वेळ काहीच नाही, मग कपबशीचा आवाज. निघताना त्या पोराच्या आई दारापर्यंत आल्या, डोळे पुसलेले होते, आणि दादाला विचारलं,

"मग उद्या डबा करू काय नको याचा?"

"करा की," दादा म्हणला. "उद्यापासनं उद्यमनगरात जायाचं हाय त्याला. मिस्त्रींना सांगून ठेवलंय मी. पैसं थोडं मिळतील, पण सेटिंग शिकंल."

पोरगा चप्पल घालून आमच्याबरोबर गाडीपर्यंत आला, आणि दादाला विचारायला लागला की मायक्रोमीटर आपला आपण घ्यावा लागतो काय.