गाठीतला थेंब

मानेतल्या गाठीत सुई जाते. बारीक सुई, बहुतेकदा भूलही लागत नाही. दोन-तीनदा मागेपुढे केली की एखादा थेंब येतो. तो काचेवर घ्यायचा आणि दुसऱ्या काचेने पसरायचा. एफएनएसी नावाची तपासणी म्हणतात ती हीच.

थायरॉईडचा नेहमीचा कॅन्सर, पॅपिलरी, या काचेवर बहुधा ओळखू येतो. गोची होते ती मेड्युलरी या दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरची. तो थायरॉईडमध्ये असला तरी थायरॉईड हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा नाही. कॅल्सिटोनिन हे वेगळंच हार्मोन बनवणाऱ्या सी-पेशींचा आहे. वेगळा आजार म्हणून त्याला नाव मिळालं ते १९५९ साली.

ही स्लाइड बघा. इथे पेशी गोल आहेत, केंद्रक कडेला सरकलेलं. काच जरा सरकवली की त्याच गाठीतल्या पेशी लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या. नुसत्या गोल पेशी बघितल्या तर हर्थल पेशींची, म्हणजे थायरॉईडचीच दुसऱ्या प्रकारची, गाठ वाटेल. नुसत्या लांबट बघितल्या तर सार्कोमा, म्हणजे स्नायू-हाडांसारख्या ऊतींचा कॅन्सर. आणि मधला हा गुलाबी पुंजका? कोलॉइड, म्हणजे थायरॉईडमधला नेहमीचा चिकट द्रव, म्हणून तो सहज नजरेआड होतो, कारण साध्या, निरुपद्रवी गाठीत कोलॉइड असतंच. पण हे अमायलॉइड आहे, प्रथिनाचा विकृत साठा. काँगो रेड हा रंग लावून ध्रुवीकृत प्रकाशात धरलं की हिरवं चमकतं.

मात्र काँगो रेड लावायला आधी शंका यावी लागते, आणि हाताशी जादा स्लाइड असावी लागते. पॅथॉलॉजिस्टकडे येणाऱ्या फॉर्मवर पुष्कळदा ‘थायरॉईडची गाठ’ एवढंच लिहिलेलं. घरात कुणाला असा आजार होता का, याचा पत्ता नाही. अशाने नजर कितीही तयार असली तरी काय करणार? निव्वळ पेशी बघून मेड्युलरीचं निदान निम्म्याहून थोड्याच जास्त रुग्णांत होतं.

उपाय तसा साधा आहे. थेंब काचेवर पसरून झाला की तीच सुई सलाइनने धुवायची आणि त्या पाण्यात कॅल्सिटोनिन मोजायचं.

निदान हुकलं तर पुढचं गणितही चुकतं. सी-पेशी आयोडीन घेत नाहीत, म्हणून रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराचा, उपयोग नाही. काही रुग्णांत मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतही गाठ असते; ती न शोधता शस्त्रक्रियेला घेतलं तर टेबलावरच रक्तदाब भडकू शकतो. आणि साधारण चारांतल्या एका रुग्णात हा आजार आनुवंशिक, आरईटी जनुकातल्या बदलामुळे आलेला. अशा वेळी रुग्णाच्या भावंडांची आणि मुलांचीही रक्ततपासणी करावी लागते, त्यांच्या मानेत काहीही लागत नसलं तरी.