दहा टक्के कशाचे?

(दृश्य : उत्तर गोवा, आसगावचा रस्ता. संध्याकाळ. गाड्यांची रांग.)

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. या अरुंद रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या एकामागे एक खोळंबल्या आहेत. हे आसगाव. पोर्तुगीज काळातली घरं, लाल कौलं, समोर बसायचा सोपा. गेल्या काही वर्षांत यातल्या कित्येक घरांची महागडी रेस्टॉरंट्स झाली. टेबल आधी बुक करावं लागतं. दोघांचं बिल पाच-सहा हजारांवर सहज जातं, वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, आणि तेवढी तयारी ठेवूनच लोक येतात.

(दृश्य : आतलं दालन, मंद दिवे, भरलेली टेबलं.)

साडेआठचं बुकिंग, टेबल मिळतं नऊला. बसताक्षणी प्रश्न येतो, "स्टिल की स्पार्कलिंग?" म्हणजे बाटलीतलं साधं पाणी की फसफसणारं. फुकटचं साधं पाणी त्या प्रश्नात नसतंच. मासा कोणता, आज आलेला आहे का, असं विचारलं की वेटर हसतो आणि कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, शोधायला जातो. कॅप्टन चार टेबलांच्या मध्ये अडकलेला. एका टेबलावर स्टार्टर संपायच्या आत जेवण येऊन पडतं, शेजारच्या टेबलावर पाऊण तास काहीच येत नाही. मागे हात हलवणारे काका दिसताहेत? ते बिल मागताहेत. बराच वेळ.

राग त्या वेटरवर निघतो. मला तो चुकीच्या माणसावर निघालेला वाटतो.

गोव्याचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर ओसरतो. पावसात बरीच ठिकाणं बंद असतात, त्यामुळे बारा महिन्यांची माणसं ठेवायला मालक तयार नसतात. ओडिशा, बंगाल, झारखंड, नेपाळ, कुठून कुठून मुलं हंगामापुरती येतात. मेन्यू पाठ व्हायच्या आत नाताळ उजाडतो. ज्या मुलाने मेन्यूतली निम्मी ताटं स्वतः कधी चाखलेलीच नाहीत, तो तुम्हाला त्यांची चव काय सांगणार?

(दृश्य : स्वयंपाकघराची खिडकी, टांगलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या.)

त्यात बुकिंगची हाव. किनाऱ्यावर सूर्य बुडाला की सगळे एकदम जेवायला निघतात. टेबलं एकाच तासात भरली की सगळ्या केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, एकाच वेळी आत जाऊन पडतात. शेगड्या तेवढ्याच, हात तेवढेच. यावर उपाय आहे आणि तो धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे : पाहुणे पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने घ्यायचे. पण मग दोन-तीन टेबलं थोडा वेळ रिकामी ठेवावी लागतात, आणि डिसेंबरात रिकामं टेबल मालकाला बघवत नाही.

(दृश्य : बिलाचा क्लोजअप.)

आता हे बिल. समजा जेवण 6,000 रुपयांचं झालं. खाली सर्व्हिस चार्ज 10 टक्के, 600 रुपये. त्या बेरजेवर 5 टक्के जीएसटी, 330. एकूण 6,930. म्हणजे जी सेवा धड मिळालीच नाही, तिचे पैसे भरायचे आणि त्या पैशांवर करही.

हा सर्व्हिस चार्ज सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलं होतं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या नावानेही नाही. हॉटेल-रेस्टॉरंट मालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. 28 मार्च 2025 रोजी न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली आणि संघटनांना दंडही केला. संघटनांनी अपील केलं. त्या अपिलाच्या सुनावणीत खंडपीठाने बाटलीबंद पाण्याचं उदाहरण काढलं : छापील किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे इथल्या वातावरणाचे म्हणून घेता, मग सर्व्हिस चार्ज वेगळा कशाचा?

तरी आपण भरतो. चारचौघांत शोभा नको, बरोबर पाहुणे आहेत, सहाशे रुपयांसाठी कुठे वाद घालायचा. मराठी मध्यमवर्गाची ही भीड रेस्टॉरंटवाल्यांना बिलाइतकीच नीट वाचता येते.

(दृश्य : टेबलाशी मॅनेजर, हातात दुसरं बिल.)

वाद घालावा लागतोच असं नाही. "सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या," एवढं शांतपणे म्हटलं की बहुतेक ठिकाणी मॅनेजर फारसं न बोलता नवं बिल काढून आणतो. कारण नियम त्यालाही माहीत असतो. ठाम नकार आला तर बिलाचा फोटो काढून ठेवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915. आणि त्या धावपळीतही एखाद्या मुलाने मनापासून वाढलं असेल, तर टिप रोख द्या, त्याच्याच हातात.